‘मला शांती वाटते’, म्हणजे ती देवाची इच्छाच का?

गेली बावीस वर्षे मी दादरला समुपदेशन करते आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबांतील माणसे पुष्कळ असतात. कोणी भायखळ्याच्या जुन्या चाळीतून येते, कोणी मरोळच्या गावठाणातून, कोणी गर्दीची विरार लोकल पकडून वसईहून. त्यांची दुःखे निरनिराळी असली तरी एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो ओठांवर येण्याआधीच मला समोरच्याच्या बसण्यावरून ओळखू येतो. ‘हे स्थळ स्वीकारावे ही देवाची इच्छा आहे का?’ ‘दुबईच्या नोकरीचे दार देवाने उघडले आहे की माझ्या हावेने?’ ‘भावाशी बोलणे बंद करायचे ठरवले की मला शांती वाटते, मग तेच बरोबर ना?’ यातला तिसरा प्रकार मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो, कारण विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते आणि त्यावर ‘शांती’ या शब्दाचा शिक्का मारून घेण्यासाठी तो आलेला असतो.

प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला, म्हणजे तेथील चर्चला, सांगतो की सगळ्याची पारख करा आणि जे चांगले ठरेल ते घट्ट धरा. तेथील मूळ ग्रीक क्रियापद धातू पारखण्यासाठीही वापरले जात असे, आणि मराठीतील ‘पारख’ हा शब्द त्याला चपखल बसतो. झवेरी बाजारातला सराफ दागिन्याच्या चमकेवर विश्वास ठेवत नाही. तो दागिना कसोटीच्या दगडावर घासतो आणि मागे उरलेला कस पाहतो. मनात उठणाऱ्या भावनेच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. चमक पाहिली की ‘प्रभूने दाखवले’ म्हणून मोकळे होतो.

या विषयावर लिहायचे अनेक वर्षे मनात होते, परंतु योग्य उदाहरण सापडत नव्हते. ते मला करुणाबाईंनी दिले. त्यांचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि हे लिहिण्याला त्यांची संमती आहे.

करुणाबाई चव्वेचाळीस वर्षांच्या, अविवाहित, भांडुपच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या. भायखळ्याला दोन खोल्यांच्या घरात त्या आणि त्यांची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई राहत. धाकटा भाऊ पुण्याला, स्वतःच्या संसारात. जुलै महिन्यात मंडळीतील एका विधुर गृहस्थांनी गायनमंडळाच्या तालमीनंतर, जिन्यात छत्री मिटता मिटता, त्यांना लग्नाबद्दल विचारले आणि उत्तराची घाई नाही असेही सांगितले. करुणाबाईंनी हे कोणालाही कळू दिले नाही. ऑगस्टच्या अखेरीस त्या माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून.

“मी तीन आठवडे प्रार्थना केली, ताई,” त्या म्हणाल्या. “मग डोळे मिटून शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. यिर्मयाचा सोळावा अध्याय निघाला, बायको करू नकोस असं देव त्याला सांगतो ते वचन. त्याच क्षणी मला शांती वाटली. उत्तर मिळालं. मग झोप का येत नाही?”

“पहिल्याच वेळी ते वचन निघालं?”

“नाही. पहिल्यांदा इतिहासाच्या पुस्तकातली वंशावळ निघाली, तिचा काही अर्थ लागेना. दुसऱ्यांदा निवासमंडपाची मापं.”

“आणि तिसऱ्यांदा तुम्ही थांबलात.”

त्या बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या.

चिन्हे मागण्याची ही सवय आपल्या मंडळ्यांत सर्वत्र आहे. यिर्मयाला दिलेली ती आज्ञा विनाशाच्या उंबरठ्यावर असलेल्या यहूदात, एका संदेष्ट्याला, त्या देशाची भावी दशा त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून लोकांना दिसावी म्हणून दिलेली होती; भांडुपच्या शिक्षिकेच्या लग्नाशी तिचा संबंध नाही. चिन्हांच्या समर्थनार्थ लोक गिदोनाची लोकर पुढे करतात, लढाईला निघण्याआधी देवाकडे खूण मागण्यासाठी त्याने रात्री अंथरलेली, पण बायबलमधील शास्त्रे ६ नीट वाचले तर दिसते की देवाची इच्छा त्याला आधीच सांगितलेली होती आणि तो स्वतःच ‘तू म्हटल्याप्रमाणे’ असे म्हणत लोकर अंथरतो. लोकर त्याच्या भीतीतून आली, आणि देवाने त्या भीतीवर दया केली. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हेही खरे आहे, परंतु ती पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या, आधीची गोष्ट आहे. त्यानंतर प्रेषितांनी कशासाठी चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख नव्या करारात सापडत नाही. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमेची मंडळी वाद घालते, ऐकते, साक्षी तपासते आणि मग लिहिते की पवित्र आत्म्याला व आम्हाला हे योग्य वाटले. त्या ‘व आम्हाला’ या दोन शब्दांवर मी आजवर कितीतरी तास बोलले असेन. आपले मन, आपली बुद्धी, आपली माणसे यांना बाजूला सारून देव बोलत नाही, त्यांच्यातून बोलतो, असे मी मानते.

करुणाबाईंना मी यातले थोडेच सांगितले. माणूस घाबरलेला असताना त्याच्या हातातली काठी, मग ती कितीही तकलादू असो, हिसकावून घ्यायची नसते. त्यांना मी एवढेच विचारले, की ती शांती किती वेळ टिकली. “रात्रीपर्यंत,” त्या म्हणाल्या. नंतर पुन्हा होकाराचा विचार मनात येई, पुन्हा छाती भरून येई, त्या पुन्हा नकार पक्का करीत आणि पुन्हा शांत होत. गेल्या पाच आठवड्यांत हे कितीतरी वेळा झाले होते.

इथे मला माझा कल कुठे आहे हे सांगितले पाहिजे. मी प्रॉटेस्टंट घरात वाढले, परंतु पारख करण्याची रीत मी शिकले ती धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात, जे जेजुइट संघाने १८६९ साली स्थापन केले. तेथील एका वृद्ध फादरांनी मला त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची ओळख करून दिली. रोमन कॅथलिकांची विद्या आपल्याला कशाला, असे आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी तेव्हा विचारले होते. माझ्या मनाला एक योगायोग मात्र फार भिडतो. एप्रिल १५२१ मध्ये प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता ल्यूथर आपली मते मागे घ्यायला नकार देत वर्म्सच्या सभेपुढे उभा राहिला आणि त्यानंतर महिनाभराने, मे १५२१ मध्ये, पाम्पलोनाच्या लढाईत इग्नेशियसच्या पायावर तोफेचा गोळा आदळला. एकाला सभेपुढे आणि दुसऱ्याला आजारपणाच्या पलंगावर जवळजवळ एकाच वेळी या प्रश्नाला तोंड द्यावे लागले की माझ्या अंतर्यामी जे बोलते आहे त्याचे मी काय करू.

इग्नेशियस महिनोन्‌महिने लोयोलाच्या वाड्यात पडून होता. त्याला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या. घरात होती ती ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने रंगवी. एका स्वप्नात तो एका थोर स्त्रीचे मन जिंकी, दुसऱ्यात संतांप्रमाणे अनवाणी यरुशलेमेला जाई. दोन्ही स्वप्ने चालू असताना सारखीच गोड वाटत. फरक पडे तो नंतर. पहिले स्वप्न ओसरले की मन कोरडे आणि असमाधानी उरे, दुसरे ओसरल्यावरही आनंद मागे राही. एके दिवशी हा फरक त्याच्या ध्यानात आला, आणि पुढे १५४८ साली पोपनी मान्यता दिलेल्या त्याच्या साधनाग्रंथातील पारखीचे नियम याच निरीक्षणातून उगवलेले आहेत. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो ते पाहावे. हा सराफाचाच कस झाला.

तेव्हा मी करुणाबाईंना सांगितले की भांडुप ते भायखळा या पाऊण तासाच्या प्रवासात, जागा मिळो वा न मिळो, दिवसाची उजळणी करा. आज होकार मनात होता की नकार, आणि त्यानंतर प्रार्थना कशी झाली, एवढेच पाहा. त्या तीन आठवडे प्रामाणिकपणे करीत राहिल्या आणि प्रत्येक वेळी मला सांगत राहिल्या की नकारानंतर प्रार्थना उत्तम होते, अश्रू येतात, देव जवळ वाटतो. मी चकित झाले, कारण त्यांचा चेहरा मला दुसरेच सांगत होता. डोळ्यांखाली काळे पडले होते आणि बोलताना त्यांचा जबडा आवळलेला असे.

चौथ्या भेटीत मी प्रश्न बदलला. तो मला कसा सुचला हे आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्यांच्या पिशवीतून डोकावणाऱ्या वह्यांच्या गठ्ठ्यामुळे असेल.

“नकार पक्का केल्यावर, प्रार्थना करून उठल्यावर, तुम्ही काय करता?”

“वह्या तपासते. सहावीच्या निबंधाच्या.”

“कशा तपासता?”

“कशा म्हणजे? नेहमीसारख्या.” मग त्या थांबल्या. “मी पुढच्या वेळी सांगते.”

पुढच्या वेळी त्या पाच वह्या घेऊन आल्या. खाकी वेष्टणावरच्या चिठ्ठीतील मुलाच्या नावावर त्यांनी बोट ठेवले होते, मला ते दिसू नये म्हणून, आणि बोट न हलवता त्या दुसऱ्या हाताने पाने उलटत होत्या. शिक्षकांच्या सवयीप्रमाणे प्रत्येक निबंधाखाली सही आणि सहीखाली तारीख होती. त्यांनी एक पान उघडले. निबंध पावसाळ्यातील एका दिवसावर होता, आणि त्याखाली लाल शाईने लिहिले होते, ‘गलिच्छ अक्षर. लक्ष कुठे असते?’ खालची रेघ इतक्या जोराने ओढली होती की कागद फाटून मागच्या पानावर लाल ओरखडा उमटला होता. मग त्याच मुलाचा आठ दिवसांनंतरचा निबंध. अक्षर तसेच, ओळी तशाच तिरक्या. खाली लिहिले होते, ‘आजीविषयीचा शेवटचा परिच्छेद मनापासून लिहिला आहेस. अक्षर हळूहळू सुधारू.’

“तारखा पाहा, ताई,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. “फाटलेलं पान आहे ना, त्या संध्याकाळी मी यिर्मया उघडला होता. त्या दिवशी मला शांती मिळाली होती. आणि हे दुसरं, त्या दिवशी तालमीला ते भेटले होते आणि घरी येताना मी मनात हो म्हटलं होतं. मला वाटलं होतं तो मोह आहे.”

पाचही वह्यांत तेच होते. त्यांनी आणखी वह्याही पाहिल्या होत्या, घरी, रात्री एक वाजेपर्यंत. कोणताही मानसशास्त्रीय तक्ता मला जे दाखवू शकला नसता ते एका शिक्षिकेने स्वतःच्याच लाल शाईत वाचले होते. आम्ही दोघी बराच वेळ त्या पानांकडे नुसत्या पाहत बसलो, आणि खाली रानडे मार्गावरच्या फेरीवाल्यांचा गलका चालू होता.

त्या दिवशी मला जे कळले ते मी त्यानंतर प्रत्येक सल्ल्यात वापरते आहे, आणि माझ्या बावीस वर्षांच्या कामातील एक खरी कमाई असे मी त्याला म्हणेन. मी तोवर माणसांना त्यांच्या प्रार्थनेविषयी विचारीत होते. पण प्रार्थनेच्या वेळी आपण स्वतःकडे पाहत असतो. तिथे आपण मनाला सावरून, आवरून, देवापुढे नीटनेटके बसवतो, आणि तिथे येणाऱ्या अश्रूंत कृतार्थतेइतकाच सुटकेचाही वाटा असू शकतो. जी गोष्ट करताना आपले स्वतःकडे लक्ष नसते, तिच्यात मन उघडे पडते. पौल गलतीकरांना आत्म्याची फळे सांगतो, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. या नवांपैकी बहुतेक फळे दुसऱ्या माणसाच्या सहवासाशिवाय दिसूच शकत नाहीत. शांती खरी असेल तर तिच्याबरोबर सौम्यताही आलेली असते. करुणाबाईंना नकारानंतर जे वाटत होते ती सुटका होती. आईला सांगण्यापासून, भावाच्या रागापासून, चव्वेचाळीसाव्या वर्षी हसे होण्याच्या भीतीपासून सुटका. सुटका आणि शांती या दोघी पहिल्या तासाभरात जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, आणि अनेकांची फसगत होते ती त्या तासाभरात.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आता सांगते की तुमची वही शोधा. एका गृहिणीला ती सापडली पोळ्या लाटताना, सासूबाईंशी अबोला धरल्याच्या दिवसांत पोळपाटावर हात किती जोरात पडतो त्यात. एका तरुणाला सापडली ती सोसायटीच्या वॉचमनला तो काय उत्तर देतो त्यात. आईचा फोन किती लवकर आवरता घेता, सिग्नलला रिक्षावाल्याशी कसे बोलता, लहान मुलाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तर काय होते, हे सारे तारखेनिशी आठवून पाहा आणि त्या दिवशी मनात कोणता निर्णय घोळत होता ते शेजारी मांडा. मात्र एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका. आणि उपाशी, जागरण झालेले, थकलेले असताना तर मुळीच काढू नका. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाने प्रथम उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, दोनदा झोपू दिले, आणि होरेब डोंगरावरची ती शांत, मंद वाणी त्यानंतर आली.

वह्यांच्या प्रसंगानंतर करुणाबाईंना वाटले की आता सगळे स्पष्ट झाले, होकार कळवून टाकावा. मी त्यांना थांबवले. वह्यांनी एवढेच सिद्ध केले होते की नकारात शांती नव्हती. होकार देवाकडून आहे हे अजून पारखायचे होते. जे गोड वाटते ते देवाचे, असे मानणाराही तितकाच फसतो. सैतान तेजस्वी दूताचे रूप घेतो हे पौलाचे म्हणणे मी अक्षरशः गंभीरपणे घेते. शिवाय पारख चांगले आणि पाप यांच्यात करायची नसते, तिथे आज्ञा स्पष्ट आहे. ती करायची असते दोन चांगल्या गोष्टींत, आणि इथे एका बाजूला विवाह होता तर दुसऱ्या बाजूला म्हातारी आई.

“होकाराचा विचार करताना काय टोचतं?” मी विचारले.

“भावाचं वाक्य. बाबा गेले तेव्हा तो म्हणाला होता, अक्का, देवाने तुला आईच्या सेवेसाठीच मोकळं ठेवलं आहे.”

हे वाक्य मी निरनिराळ्या घरांतून ऐकलेले आहे, आणि ते बहुधा थोरल्या मुलीच्या किंवा अविवाहित मुलीच्या वाट्याला येते. मार्क ७ मध्ये येशू परूश्यांना, त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, कुर्बानाविषयी विचारतो. आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर केले की मुलगा मोकळा होई, आणि देवाचे नाव घेऊन देवाचीच आज्ञा टाळली जाई. मी करुणाबाईंना तो उतारा वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “इथे कुर्बान मीच झाले आहे. तो मला अर्पण करून मोकळा झाला.” भावाविषयी त्यांनी हे रागाने म्हटले, आणि तो राग खरा होता, परंतु निर्णय त्याच्यावर उभारायचा नव्हता. इग्नेशियसने साधनेच्या आरंभीच सांगून ठेवले आहे की समोरच्याच्या बोलण्याचा दोषास्पद अर्थ काढण्याआधी चांगला अर्थ लावण्याची तयारी ठेवावी, आणि तो लागत नसेल तर त्यालाच विचारावे की तुला काय म्हणायचे आहे. नातेसंबंधांसाठी याहून उपयोगी सूचना माझ्या पाहण्यात नाही.

मग मी त्यांना त्याच परंपरेतील एक जुना प्रश्न विचारला. “समजा, तुम्ही कधीही न पाहिलेली एखादी बाई, तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच आईबरोबर राहणारी, हाच पेच घेऊन तुमच्याकडे आली. तिचं भलं व्हावं एवढंच तुम्हाला वाटतं. तिला काय सांगाल?”

त्यांना उत्तराला वेळ लागला नाही. “मी तिला विचारीन, तू आईला विचारलंस का?”

आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्या गप्प झाल्या. तीन महिने त्यांनी देवाला विचारले होते, शास्त्राला विचारले होते, मला विचारले होते. जिच्यासाठी सारे चालले होते तिला विचारले नव्हते. जे गुपित ठेवावेसे वाटते त्यातच फसवणूक फोफावते, हा इग्नेशियसचा आणखी एक नियम आहे: गुप्त संबंध ठेवू पाहणारा प्रियकर जसा ‘घरी सांगू नकोस’ म्हणतो तसाच शत्रूही, म्हणजे सैतानही, म्हणतो, आणि गोष्ट एखाद्या शहाण्या माणसाच्या कानावर घातली की त्याचा अर्धा जोर ओसरतो.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आईला सांगितले. पुढे घडले ते त्यांनी मला सांगितले तसेच लिहिते. आई लसूण सोलत होती. तिने सगळे ऐकून घेतले, सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या आणि म्हणाली, “गेले दोन-तीन महिने तू माझं ताट आपटून ठेवतेस. मला वाटत होतं, मी फार दिवस जगते आहे म्हणून तू वैतागलीस.”

हे सांगताना करुणाबाई ओक्साबोक्शी रडल्या. त्या ज्या सेवेसाठी लग्न नाकारत होत्या त्या सेवेची चव आईला रोज ताटात लागत होती. म्हातारीनेही आपली वही ठेवलेली होती.

भावाशी बोलणे इतके सरळ झाले नाही. करुणाबाईंनी ठरवल्याप्रमाणे आरोप न करता विचारले, “तू तेव्हा म्हणालास की देवाने मला आईसाठी ठेवलं आहे. तुला काय म्हणायचं होतं? आणि तुला देवाने कशासाठी ठेवलं आहे असं तुला वाटतं?” तो चिडला, या वयात लोक काय म्हणतील असे म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतरचे सोळा-सतरा दिवस वाईट गेले. प्रार्थना कोरडी पडली, करुणाबाईंना सगळे चुकल्यासारखे वाटू लागले, आणि त्या गृहस्थांना नकार कळवण्यासाठी लिहिलेला संदेश त्यांनी मला मोबाइलवर दाखवला. तो पाठवू नका असे मी स्पष्ट सांगितले. एरवी मी असे सांगत नाही. पण उजेडात घेतलेला निर्णय अंधारात बदलायचा नाही, हा नियम मी स्वतःच्या आयुष्यात मोडून पाहिला आहे आणि त्याची किंमत दिली आहे. मन कोरडे असताना प्रार्थना वाढवावी, झोप सांभाळावी, माणसांत राहावे आणि निर्णय जिथे होता तिथे ठेवावा. तो खरोखर चुकीचा असेल तर उजेड परत आल्यावरही चुकीचाच दिसेल, आणि तेव्हा बदलता येईल. या दिवसांतल्या वह्याही त्यांनी पाहिल्या. शेरे त्रोटक होते, थकलेले होते, पण पान कुठे फाटले नव्हते.

इथे एक खबरदारी सांगणे मला कर्तव्य वाटते. घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, तर तिथे पारख करीत बसायचे नसते. आधी सुरक्षित ठिकाणी जायचे असते. सहन कर, ही देवाची इच्छा आहे, असे सांगणारा कोणीही असो, त्याचे ऐकू नये आणि महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करावा. तसेच कोणाला प्रत्यक्ष आवाज ऐकू येत असतील, आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर पाळकांच्या प्रार्थनेबरोबरच मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक आहे. सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा त्यासाठी चोवीस तास उपलब्ध असते. औषध घेणे हा अविश्वास नव्हे. लूक स्वतः वैद्य होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भावाचा फोन आला. तो म्हणाला की आपल्या मनात त्या प्रश्नाचे उत्तर नाही, पण जानेवारीपासून चार महिने आई पुण्याला राहील आणि पुढचे पुढे पाहू. अकराव्या आणि शेवटच्या भेटीला करुणाबाई आल्या तेव्हा नाताळ होऊन गेला होता. तीन रविवारी उपासनेत वाचायची लग्नाची सूचना पाळकांकडे देऊन झाली होती. आईने पहिल्या रविवारी पुढच्या बाकावर बसायचे आहे असे बजावले होते, आणि त्यानंतरच ती डेक्कन क्वीनने पुण्याला जाणार होती.

“आता शांती वाटते का?” मी विचारले.

त्यांनी विचार करून उत्तर दिले. “भीती वाटते, ताई. त्यांच्या मुलीला मी आवडेन का, आईला पुण्याची थंडी सोसेल का, सगळ्याची. पण ती भीती घेऊन मी काम करू शकते. काल चाळीस वह्या तपासल्या.”

“आणि तो फाटलेल्या पानाचा मुलगा?”

“त्याला मी नवीन वही दिली. त्याने विचारलं, बाई, जुनी तर अजून संपली नाही. मी म्हटलं, माझ्याकडून ती खराब झाली होती.”